माझा नवरा योजनेत बसत नाही

देशाचं नाव मी सांगणार नाही. तिथून अजून दर महिन्याला माझी पेन्शन येते, आणि आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस मला नाही. एवढंच सांगते की तिथं समुद्र होता, ऊन आपल्या मराठवाड्यासारखंच होतं, आणि सरकारी कचेरीतला माणूस चहा पाजल्याशिवाय 'नाही' म्हणत नसे. आपल्याकडं चहा आपण पाजायचा आणि नाही त्यानं म्हणायचं, एवढाच काय तो फरक.

मी तिथं गणित शिकवायला गेले. आमचे हे माझ्या मागनं आले, तेही माझ्याच व्हिसावर. बिडकीनच्या बागाईतदार घरातला माणूस बायकोच्या व्हिसावर परदेशात निघालाय म्हटल्यावर भावकीत काय काय बोललं गेलं असेल ते विचारू नका. एक चुलतसासरे म्हणाले, "घरजावई ऐकला होता, पण एवढ्या लांबचा पहिल्यांदाच बघतोय." हे खो खो हसले. ह्यांना कशाचीच लाज वाटत नाही. तिथं गेल्यावर ह्यांनी स्वयंपाक शिकून घेतला, गच्चीवर डब्यांत मेथी लावली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठेच्याची सवय लावली. आम्हाला लेकरूबाळ नाही. त्यामुळं भांडायला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं, आणि आम्ही त्यात कसूर केली नाही.

आमच्यासारख्या परदेशी मास्तरांना तिथं कितीतरी वर्षं कसलाच आधार नव्हता. करार संपला की सामान बांधायचं आणि निघायचं. मग नवा कायदा आला. तिथल्या शिक्षकाला जे मिळतं ते परदेशी शिक्षकालाही मिळणार. निवृत्तीनंतर जिथं राहाल तिथं पेन्शन, तुमच्या माघारी जोडीदाराला पेन्शन, आणि नवराबायको दोघांना सरकारी दवाखान्याचं कार्ड. फक्त नावनोंदणी करायची.

"म्हंजी तू गेल्यावर तुझी पेन्शन मला?" हे म्हणाले. "लई चांगलं सरकार हाय बुवा."

"आधी माझ्या माघारी जगून तर दाखवा," मी म्हटलं.

बोलू नये ते मी बोलले बघा. त्याच महिन्यात हे भाजीबाजारात छाती धरून खाली बसले. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, गोळ्यांवर काही महिने निघतील, पण ऑपरेशन टाळू नका. कार्ड असलं तर ते फुकट होणार होतं. नसलं, तर तिथं करा नाहीतर मुंबईत, बिडकीनची जमीन गेल्यात जमा. आणि जमिनीचं नाव काढलं की हे एकच बोलायचे, "मी गेलो तर चालंल, जमीन ऱ्हायला पायजे." मला इतका राग यायचा, की ऑपरेशन मीच पळीनं करावं असं वाटायचं.

तर मी कागद घेऊन कचेरीत गेले. बरोबर आपा होती. आपा म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीमागच्या आमच्याच गल्लीत वाढलेली माझी शाळेतली मैत्रीण. वयानं माझ्याएवढी, पण दरारा थोरल्या बहिणीचा, म्हणून सगळे आपाच म्हणायचे. तीही तिथंच शिकवत होती. तिचं काम चहा निवायच्या आत झालं. मग कारकुनानं माझे कागद उघडले, पुन्हा पुन्हा उलटसुलट केले, आणि माझ्यासाठी दुसरा चहा मागवला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

"बाई, तुमचं कार्ड होईल," तो म्हणाला. "पण ह्या योजनेत नवरा बसतो, वडील बसत नाहीत."

"वडील कुणाचे?"

"तुमचे. हे काय." आणि त्यानं ह्यांच्या फोटोवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, ह्या मेल्याचं डोकं फिरलं. पण डोकं त्याचं ठिकाणावर होतं. त्यांच्यात माणसाच्या नावापुढं बापाचं नाव लागतं, त्यापुढं आज्याचं, आणि बाई लग्न करो नाहीतर चार करो, त्यात काना-मात्रेचा फरक पडत नाही. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढं, आपल्याकडच्या रीतीप्रमाणं, ह्यांचं नाव. म्हणजे त्याच्या हिशेबानं हे माझे बाप. आणि खाली नवऱ्याच्या रकान्यातही परत ह्यांचंच नाव! ते वाचून त्या भल्या माणसाचे कान लाल झाले होते. त्यानं ते लिहिण्यातली चूक म्हणून सोडून दिलं होतं, ही त्याची सभ्यता.

आपा तर पदर तोंडात कोंबून हसत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगे, शोहर कू बावा बना डाली तू!"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं घाबरतील. हे म्हणाले, "बापाला काय सवलत हाय का विचारलं का? न्हाय, जमत असंल तर बाप व्हतो."

लग्नाचा दाखला आणा, असं कारकुनानं सांगितलं होतं. आमच्या लग्नाला दाखला कुठला? पत्रिका होती, पंगती होत्या, रुसलेले सोयरे होते. सगळं होतं, नोंदणी तेवढी नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही औरंगाबादला आलो आणि गारखेड्यातल्या आमच्या घराला कुलूप तसंच ठेवून आधी नोंदणीच्या कचेरीत गेलो.

तिथला साहेब म्हणाला, "इतक्या वर्षांनी नोंदणी?"

हे म्हणाले, "पसंत पडती का ते बघत व्हतो."

साहेबानं भटजी विचारले. ते वर गेलेले. फोटो विचारला. फोटोत हे छाती फुगवून बसलेत आणि मी मान इतकी खाली घातलीय की दिसतोय तो नुसता भांग आणि मुंडावळ्या. त्या भांगाखाली कोण बाई आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेवटी टोमणे मारणारे चुलतसासरेच साक्षीला आले, अंगठा नाही, चांगली लफ्फेदार सही केली, आणि दाखला मिळाला. त्यावर वधूचं नाव, लग्नाआधीचं होतं ते. माझं माहेरचं.

इथं ते माहेरचं नाव काय भानगड आहे ते सांगायला पाहिजे. माझं पाळण्यातलं नाव आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं. आता बायकोला हाक मारायची तर आईच्या नावानं कशी मारणार? आणि सासूबाई तरी सुनेवर स्वतःचंच नाव घेऊन कशा खेकसणार? म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात दुसरं नाव लिहिलं, बायका हसल्या, पेढे वाटले, आणि माझं नाव संपलं. मला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारावं असं माझ्याही मनात आलं नाही. पण पदवी लग्नाआधीची, ती माहेरच्या नावानं. पासपोर्ट नंतरचा, तो ताटातल्या नावानं.

सुट्टी संपल्यावर मी दाखला घेऊन मोठ्या तोऱ्यात त्याच कारकुनापुढं गेले. त्यानं वाचला. त्याचा चेहरा उजळला.

"मुबारक," तो म्हणाला. "आता सगळं स्पष्ट झालं. तुमच्या वडिलांचं लग्न ह्या बाईंशी झालेलं आहे."

"अहो, ह्या बाई म्हणजे मीच!"

"नाही, नाही. तुम्ही त्यांची मुलगी." मग त्यानं माझी पदवी काढली, तिच्यावरचं नाव दाखल्याशी ताडून पाहिलं, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "ही पदवीसुद्धा तुमच्या आईचीच दिसते. तुमच्या आई सध्या कुठं असतात?"

आपा ह्या खेपेला हसली नाही. कारण आता मी आईच्या पदवीवर नोकरी करणारी भामटी ठरत होते. ह्यांचं कार्ड राहिलं बाजूला, माझी पेन्शन आणि नोकरीही त्या चहाच्या पेल्यात बुडायची वेळ आली होती. कारकून म्हणाला, हे माझ्या हातात नाही, वरच्या बाईसाहेबांकडं जा, आणि ह्या गृहस्थांनाही घेऊन या.

त्या सकाळी ह्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. ओठ काळेनिळे पडले होते. मी वरून "हळू चला" म्हणत होते. हा माणूस ह्या जिन्यावरच गेला तर मी काय करणार, एवढाच विचार डोक्यात होता. बाईसाहेबांच्या खोलीबाहेर बाकावर ह्यांना बसवलं. आपाला घेऊन आत गेले. बाईसाहेब वयस्क, जाड चष्म्याच्या, न हसणाऱ्या. कागद एकेक करून बघायला लागल्या. दार उघडंच होतं.

मी सहज मागं वळून बघते तर हे खिडकीकडं तोंड करून बसलेले आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळहातावर फिरतोय.

तंबाखू! डॉक्टरांनी शपथ घातलेली. त्या देशात मिळत नाही म्हणून मी निश्चिंत. आणि ह्या माणसानं औरंगाबादहून येताना माझ्याच काळ्या मसाल्याच्या डब्यात पुडी पुरून आणलेली, हे मला नंतर कळलं. आमटीला दोन आठवडे वेगळाच ठसका का लागतोय, ते तेव्हा उमगलं.

मग मी कुठं आहे, समोर कोण आहे, सगळं विसरले. बाहेर जाऊन ह्यांचा हात धरला.

"लाज हाय का काही? मी हितं जोडे झिजवते, आन् तुम्ही मरायची तयारी करताय व्हय!"

"अगं, चिमूटभरच..."

"चिमूटभर! नळ्या तुंबल्यात, अक्कल पण तुंबली का? मरायचंच असलं तर बिडकीनला जाऊन मरा, हितं माझ्या डोळ्यांपुढं नाय!" असं म्हणून मी ती पुडी हिसकली, चुन्याची डबी हिसकली, दोन्ही कचऱ्याच्या डब्यात भिरकावली, आणि मग तिथंच उभी राहून रडायला लागले. ह्यांनी खिशातला रुमाल काढून दिला. त्यालाही तंबाखूचा वास होता, म्हणून मी आणखी चिडले.

हे मान खाली घालून बसले. लग्नातल्या फोटोत माझी होती, तेवढीच खाली.

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही वडिलांशी अशा बोलायच्या का?"

"माझ्या वडिलांपुढं माझा आवाज फुटत नव्हता," मी म्हटलं.

"माझाही," त्या म्हणाल्या. मग कारकुनाला हाक मारून त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी सुनावलं. आपानं मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, बापाला असं बोलणारी मुलगी मी पाहिली नाही, आणि असं निमूट ऐकून घेणारा बाप तर नाहीच नाही. हा नवराच आहे, लिही.

आपानं साक्ष दिली, की ही आणि ती एकच, आम्ही एका बाकावर बसायचो. बाईसाहेबांनी सही केली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "पण तुमचं नाव का काढून घेतलं? काय गुन्हा केला होता?"

मी म्हटलं, "लग्न."

त्या पहिल्यांदा हसल्या. पण कार्ड करताना त्यांनी एक अट घातली. बापानं दिलेलं नाव त्यांच्या कायद्यात कुणाला पुसता येत नाही. जी मुलगी शिकली, तीच इथं शिकवते. तेव्हा पेन्शन आणि कार्ड, दोन्ही माहेरच्या नावानं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला आत घ्या, मला काय ते नाव द्या.

दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. बाहेर मी आणि आपा बसलो होतो. आपा तस्बीहचे मणी ओढत होती, मी मारुतीस्तोत्राच्या मधल्या ओळी विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. नर्स दारातून कुणाचंतरी नाव पुकारत होती. ती पुकारत राहिली. मला वाटलं, कोण ही बेफिकीर बाई, नवरा आत पडलाय आणि हिचा पत्ता नाही. आपानं कोपरानं ढोसलं. "अगे, तेरेच कू बुला रे!"

मी उठले. आत हे नळ्यांच्या जाळ्यात पडलेले, चेहरा पांढराफटक, डोळे मिटलेले. नर्स त्यांच्या गालावर थोपटत म्हणाली, बायको आलीय, तिला हाक मारा, जागे व्हा. आणि कार्डावरचं नाव वाचून सांगितलं.

एवढ्या वर्षांत ह्यांनी मला अगं म्हटलं होतं, ऐकलं का म्हटलं होतं, चिडवायचं असलं की मास्तरीणबाई म्हटलं होतं. ते नाव कधी नाही. ते घरात फक्त सासूबाईंचं होतं, आणि सासूबाईंना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ह्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. आणि ह्यांनी हाक मारली. माझ्या पाळण्यातल्या नावानं, स्वच्छ, लहान पोरासारखी.

ती आईला मारली का मला, ते मी अजून विचारलेलं नाही. ओ मीच दिली.