अकरावा रेडिओ

"परत सांगा," असं म्हणून काका तर्जनी वर करायचे. तुम्ही नुसता नमस्कार केलात तरी तो परत सांगावा लागे. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी तेच, "परत सांगा!" आणि ते बिचारं परत भुंकायचं. सगळा जन्म रेल्वेच्या कंट्रोल फोनवर गेलेला माणूस. तिथे ऐकणाऱ्यानं निरोप शब्दशः परत सांगितला, तरच तो पोचला.

रिटायर झाल्यावर त्यांनी मानिक चौकामागे एक खोली घेतली आणि तिच्यात अकरा जुने रेडिओ मांडले. व्हॉल्व्हवाले. ते तापेपर्यंत माणूस मऊरानीपूरच्या बाजाराला जाऊन गहू विकून परत येईल. सगळ्यांचा काटा दोन स्टेशनांच्या मधे लावलेला, म्हणजे नुसती खरखर. प्रत्येकावर एका गेलेल्या माणसाचं नाव. स्टुलावर बसायचं, आपल्या माणसाला हाक मारायची, ऐकायचं आणि जे ऐकू आलं ते काकांना परत सांगायचं.

दारावर पाटी होती : 'यह कला है। यहाँ भूत नहीं उतारे जाते।' तरी लोक लिंबं घेऊन यायचे. पोतंभर जमली होती. दीड पोतं म्हणा.

समोरच्या भांडेवाल्यानं एकदा विचारलं, "काकाजी, इसमें आता क्या है?"

"भैया, जो उस दिन तुमने ठीक से सुना नहीं था, वो."

अकराव्या रेडिओवर काकूंचं नाव होतं. त्याच्यासमोर काका रोज दुपारी बसत. डबा शेजारी तसाच, झाकण न उघडलेला. काका वाळून काठी झाले होते. शेवटी मी विचारलंच.

"हिनं स्वैपाकघरातून काहीतरी सांगितलं," ते म्हणाले. "मी एक रेडिओ सोल्डर करत होतो. 'हो' म्हणालो. परत सांगितलं नाही. हात पुसून आत गेलो, तर ही गेलेली. कोणत्या गोष्टीला हो म्हणालो तेवढं कळू दे रे. करून टाकीन."

मी थापा मारतो हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेलच. पण एवढी लहान थाप मी उभ्या जन्मात मारलेली नाही. दुसऱ्या दुपारी मी अकराव्याला कान लावला आणि ओरडलो, "काका, आलं! 'दुपारचं वेळेवर जेवत जा.'"

तर्जनी वर गेली. "परत सांगा."

सांगितलं.

"थापाड्या! ती एवढं थोडक्यात कधी बोललीच नाही," काका म्हणाले. आणि डब्याचं झाकण उघडलं. पुढे रोज, एकच्या ठोक्याला.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी एक बारावा रेडिओ आणून मांडला आणि त्यावर काकांचं नाव चिकटवलं. दुपारी एकला तो लावतो, तापेपर्यंत माझा डबा उघडतो. त्यातून काकांचा खणखणीत आवाज आला, असं मी तुम्हाला बेधडक सांगितलं असतं. पण नाही आला. खरखर येते.

मी तर्जनी वर करतो आणि तीच, जशीच्या तशी, परत सांगतो.