छावणीतलं आवतण

त्या दुष्काळात आमची बैलजोडी सहकारी संस्थेच्या चारा छावणीत होती आणि सासरे, म्हणजे आमचे मामा, तिच्यासोबत तिथेच राहत. मी रोज भाकरी घेऊन जायची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं आणि दरवर्षीच्या सवयीनं त्यांच्या कानात बोलून गेले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग आमच्या ध्यानात आलं. जेवायला म्हणजे घरी. आणि संध्याकाळच्या हजेरीला जे जनावर दावणीला नसेल, त्याचं नाव कटायचं, चारा बंद. आमच्या शेतात तर काडी उरली नव्हती.

"मामा, हितंच चारू की पोळी. त्यांना काय कळतंय?"

"माणूस असता तर माफी मागितली असती बाई. ह्यांला कसं सांगू?"

मला रागच आला. हट्टापुढे शहाणपण चालतं का कुठं!

सकाळी बैल घेऊन घराकडे निघालो, हजेरीच्या आत परतायचं ठरवून. वाटेतल्या वस्त्यांवर बैल राहिलेच नव्हते. कुणी विकले होते, कुणी पाहुण्यांकडे धाडले होते. त्यामुळे वस्ती आली की बायका ताटं घेऊन वाटेतच उभ्या. "थांबा वं जरा, आमच्या दारी बी पोळा होऊ द्या." सणाच्या दिवशी नाही कसं म्हणणार? एकीचं ओवाळून होतंय तोवर दुसरी धावत यायची. ऊन कलायला लागलं तरी आम्ही वस्तीवरच.

कसंबसं घर गाठलं. घाईघाईनं पोळी चारली, निघायला वळलो, तर थोरला बैल आपल्या जुन्या जागेवर फतकल मारून बसला. घरी आलो असंच त्याला वाटलं असणार. मामांनी गोंजारलं, कासरा ओढला, शेपटी पिरगाळली. तो निवांत रवंथ करतोय.

पोळ्याला बैलावर हात उगारत नाहीत. मामांनी तर एरवीही कधी उगारला नव्हता. त्यांनी कुडातली काठी उपसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू आत जा."

आत मला काठी ऐकू येत होती आणि मामांचा रडवेला आवाज. "ऊठ रे राजा. तिथं चारा हाय. ऊठ."

हजेरी गाठली. नाव राहिलं. चारा टाकून मामा थोरल्याच्या मानेवर हात ठेवायला गेले, तर तो दचकून मागं सरला.