ठाण्यापेक्षा जवळ नागपूर

कामानिमित्त मी मुंबईहून नागपूरला नेहमी विमानाने जातो. पण ते अंतर इतकं छोटं एकदाच वाटलं.

त्या दिवशी शेजारी कल्याणजवळच्या मोहन्याच्या एक काकू होत्या. पहिलाच विमानप्रवास. विमान उडताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, ढगांवर गेल्यावर "सॉरी हं" म्हणत सोडलं आणि डबा उघडून तिखटमिठाच्या पुऱ्या पुढच्या रांगेलाही वाटल्या. लेक नागपूरला दिलेली. रात्रभराची गाडी गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून लग्नानंतर तिच्या घरी गेलेल्याच नव्हत्या. यंदा लेकीनेच तिकीट काढलेलं.

त्यांची स्वतःची पुरी संपते न संपते तोच उतरण्याची सूचना झाली.

"एवढ्यात?" काकू दचकल्या.

"दीड तासच लागतो, काकू."

"अहो, मोहन्याहून विमानतळ गाठायलाच मला तीन तास लागले! त्यातले दोन तर ठाण्यापर्यंतच!"

विमान थांबताच त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, लांब दिली म्हणून मी उगाच रडत बसले. तू तर ठाण्यापेक्षा जवळ निघालीस!" बोलता बोलता डोळे पुसले, हसल्याही.

मग मला हळूच विचारलं, "परतीचं विमान कधी असतं हो?"

"रोज असतं. लगेच निघणार?"

"छे! महिनाभर हलत नाही मी. जावयाने 'कधी निघणार' विचारलं, तर 'विमान काय, रोजच असतं' म्हणून सांगायला बरं."