कठड्यापलीकडचा दिवा

मुलुंडला आमच्या आणि शेजाऱ्यांच्या गच्चीमध्ये एकच कठडा आहे. सोलर पॅनेलं दोघांनी एकाच कंपनीची, एकदमच बसवली. पॅनेलखालच्या छोट्या पेट्या, म्हणजे वीज घरात वापरण्याजोगी करणारे मायक्रोइन्व्हर्टर, दोघांचेही बिघडतात. त्यांना वॉरंटीत लगेच नवे मिळतात. मला तक्रार क्रमांक मिळतो.

मी फोनवर अटी वाचून दाखवतो, फोटो पाठवतो, आवाज चढवतो. शेजारी गच्चीत मांडी घालून बसतात, चहा बशीत ओततात आणि हेल्पलाइनवरच्या मुलीला आधी विचारतात, "गाव खंयचा गो तुझा?"

मागे माझा आरडाओरडा ऐकून ते कठड्याशी आले. "आरडतंस कित्याक? दी हय फोन." फोन घेऊन त्यांनी पहिलं गावच विचारलं. मुलगी म्हणाली, "देवगड."

"मगे आमचीच गो तू!"

मग आंबे निघाले, एसटी निघाली, तिच्या आईचे गुडघे निघाले. माझ्या पेटीचा विषय फोन ठेवता ठेवता. आठवड्यात नवी पेटी दारात हजर.

देवगडचा खरं तर मी. ते मालवणचे.

बायकोने त्यांना डबाभर घावणे पाठवले. मला म्हणाली, "शिका जरा."

आज सकाळी कठड्यावरून वाकून बघितलं, तर त्यांच्या एका पेटीचा हिरवा दिवा लाल झालेला. खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं. तेवढ्यात पलीकडून बशीचा आवाज आला, आणि पाठोपाठ तो प्रश्न: "गाव खंयचा गो तुझा?"