मिशाळ माशाचा उपास

माझं लग्न जमवताना मामानं एक थाप मारली होती: मुलीच्या घरी मासमच्छी चालत नाही. सासर बुलढाण्याचं. सासरे कचेरीतून पेन्शनीत निघालेले, पक्के माळकरी. आम्ही जळगाव जामोदकडचे, पूर्णेच्या काठचे. नदीचं पाणी उतरलं की आमच्याकडे घरोघरी गळ बाहेर निघत. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प राहिले.

सासऱ्यांच्या साहेबाची नागपूरला बदली झाली, तेव्हा तो आपली काचेची पेटी आणि तिच्यातले पाच तांबडे मासे त्यांना देऊन गेला होता. ते मासे म्हणजे पंगतीतले हावरे पाहुणे. कणकेची गोळी पाण्याला टेकते न टेकते तोच गट्ट करायचे. मी आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांना आटलेल्या डोहाच्या चिखलात एक मिशाळ मासा तडफडताना दिसला. त्यांनी तो तांब्यात घालून घरी आणला आणि त्याच पेटीत सोडला. तळाशी छपरावरच्या कवेलूचा, म्हणजे कौलाचा, एक तुकडा होता. त्याच्याखाली तो जो शिरला तो बाहेर यायलाच तयार नाही.

सासऱ्यांनी गोळ्या टाकल्या, मुरमुरे टाकले, एकादशीला भगर टाकली. सगळं तांबड्यांच्या पोटात गेलं. आठवडा झाला तशी मिशाळ्याची पाठ सुरीसारखी दिसायला लागली. त्या दिवशी सासऱ्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं.

"चिखलातून काढला अन् घरात आणून उपाशी मारून राह्यलो मी त्याले," ते म्हणाले. "तो खाईन तवाच मी खाईन."

पहिल्या दिवशी आम्ही हे हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई रडायला लागल्या. "माशाच्या पायी माणूस जाईन आता!" नवरा नोकरीनिमित्त खामगावला होता, त्याला निरोप धाडला, पण तो काही आला नाही. तिसऱ्या दिवशी सासरे भिंत धरून उठले आणि दोन पावलांवर पुन्हा बसले. नुसत्या पाण्यावर होता म्हातारा.

आणि मला सगळं ठाऊक होतं! मिशांचा मासा कणकेला तोंड लावत नाही, त्याला वळवळणारं लागतं. आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सांगायचं कसं? तुला कसं ठाऊक, हा प्रश्न ठरलेलाच. मग मामाची थाप उघडी पडणार आणि माझी रवानगी माहेरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता नुसता. मला मामाचा राग आला, माशाचा आला, आणि खरं सांगते, सासऱ्यांचा सगळ्यात जास्त आला. एवढा हट्ट तान्ह्या लेकरालाही शोभत नाही.

दुपारी सासूबाई नवस बोलायला देवळात गेल्या. सासरे पेटीसमोरच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. मी न्हाणीमागची ओली माती काडीनं उकरली. तीन गांडुळं मिळाली. ती पदराच्या टोकात बांधून आत आले. पेटीच्या कवेलूकडच्या बाजूवर घोंगडी टाकून अंधार केला. दुसऱ्या बाजूला तांबड्यांसाठी कणीक टाकली. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून आणला होता, त्याचं एक टोक कवेलूपाशी टेकवलं आणि वरून पहिलं गांडूळ सोडलं.

एक तांबडा वळला आणि त्यानंच ते गिळलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं. तांबड्यांपुढे आणखी कणीक टाकली. दुसरं गांडूळ खाली जाऊन वळवळत राहिलं. मी देठ तसाच धरून ठेवला. मग कवेलूखालून एक मिशी बाहेर आली. बराच वेळ नुसती मिशीच. मग तोंड आलं आणि गांडूळ दिसेनासं झालं. तिसऱ्यासाठी तर तो अर्धा बाहेर आला.

"खाल्लं का त्यानं?"

सासरे खाटेवर उठून बसले होते. कधीपासून, देव जाणे.

"हाव."

"काय देलं त्याले?"

माझी बोटं मातीनं भरलेली होती. "गांडूळ."

"तुले कसं ठाऊक?"

एरवी मी त्यांच्याशी थेट बोलतही नसे. काहीतरी बनवून सांगता आलं असतं. पण थापेचा मला वीट आला होता.

"आमच्या घरी गळाले हेच लावत," मी म्हणाले.

त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. कोणती लुगडी माझी, कोणती त्यांनी घेतलेली.

"किती दिवस झाले तुले या घरात येऊन?"

"अकरा महिने."

"म्हणजे अकरा महिन्यांपासून मी तुह्याच हातचं जेवून राह्यलो," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून उभे राहिले. "हात धू, बाई. अन् ताट वाढ."