आप्पांना दाखवलेला फ्रेंच पिक्चर

लग्न करीन तर याच मुलाशी, हे मी घरात सांगून सोळा दिवस झाले होते आणि आप्पांनी त्यावर एकच शब्द काढला होता.

"घर?"

घर नव्हतं. तो महाळुंग्याला तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा. एका बिल्डरच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या फ्लॅटचे नकाशे काढायचा. गाव परभणीकडं, तिथलं घर थोरल्या भावाच्याच संसाराला पुरत नव्हतं. मी काही लपवलं नाही. आप्पांनी ऐकून घेतलं, उठले आणि शेळ्यांना पाला टाकायला गेले. विषय बंद. जेवताना मी तोंड उघडलं की ते आईला म्हणायचे, "अगं, तिला भाकर वाढ."

आमच्या आप्पांचा जन्म तळावरचा. मेंढरं घेऊन हिंडताना जिथं मुक्काम पडतो, तो तळ. दिवाळी झाली की घाट उतरायचा, उन्हाळा सरता सरता वर यायचं. लग्न झालं तरी डोक्यावर छप्पर नव्हतं. मग मेंढरं मोडली, पिरंगुटजवळ एका नर्सरीत कामाला लागले आणि उरवड्याच्या बाजूला तीन खोल्या बांधल्या, आई विटा वाहायची आणि ते रचायचे. त्या घरातून मी कॉलेजला गेले. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. तर अशा माणसाला 'घर नाही' हे दोन शब्द कसे लागले असतील, ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच युक्ती सुचली.

कॉलेजात फिल्म क्लब होता. तिथं दुसऱ्या वर्षाला मी एक फ्रेंच पिक्चर पाहिला होता. त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. पॅरिसमध्ये रस्त्यावर राहणारे दोघं, एका बंद दुकानाच्या शटरसमोर त्यांचा संसार, आणि प्रेम असं की बघणाऱ्याला गुदगुल्या व्हाव्यात. म्हटलं, हाच आप्पांना दाखवायचा. घर नसलेली माणसं किती सुखात राहतात ते बघतील, त्यांची दया येईल आणि विरघळतील. मला इतका आनंद झाला की मी महाळुंग्याला त्याला फोन करून सांगितलंसुद्धा, "झालंच समज!"

रविवारी दुपारची जेवणं उरकली आणि मी लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"फ्रेंच?" आईनं पदर सावरला. "तसला न्हाई ना गं?"

"तसला न्हाई. मी मराठीत सांगते सगळं."

"मग लाव."

खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचून मी बोलायची. आई पावटे सोलत हुंकारा देत होती. आमच्यात गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी 'हं' म्हणावंच लागतं, नाहीतर गोष्ट अडते. आप्पा भिंतीला टेकून गप्प.

पिक्चरमधला तो पहाटे बाजारात मासळीच्या पेट्या उतरवायचा. तिची लाँड्रीतली नोकरी गेलेली. दोघांचं सामान एका जुन्या बाबागाडीत. ती गाडी ढकलत निघाली तशी आई पुढं सरकली.

"अवो, बघा की! खाली भांडी, वर वाकळ. आपल्या घोडीवर असंच असायचं."

"वर बांधल्याली कोंबडी न्हाई," आप्पा बोलले. सोळा दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर घरकामाशिवाय काहीतरी बोलले! मी मनात उडीच मारली.

"किती दिवस झालं हितं?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"मग तळ चुकलाय. एवढं दिवस एका जाग्यावर बसल्यावर घाण होणारच. उठायला पायजे."

"बेघर आहेत ओ ते, आप्पा."

"तेच सांगतोय. बिऱ्हाड पाठीवर हाय तर मुलूख बघावा."

त्यांना दया येतच नव्हती! माझी युक्ती जिच्यावर उभी होती, तीच कुठं दिसेना. ते त्या दोघांकडं असे बघत होते, जसं एका तळावरचं माणूस दुसऱ्या तळाकडं बघतं. मग ती दोघं फर्निचरच्या दुकानात शिरतात, नवरा-बायको असल्यासारखं दाखवून एकेक पलंग झोपून बघतात, आणि विकणारा बिचारा मागं मागं. आई हसून हसून पावट्याच्या शेंगा सांडत होती. "काय बया एकेक सोंग!" आप्पांच्या मिशाही हलल्या. मला चेव आला. आणि इथं मी लबाडी सुरू केली.

पिक्चरमधला तो म्हणाला, "हा मऊ आहे." मी सांगितलं, "तो म्हणतो, आपण कष्ट करू, हळूहळू सगळं घेऊ, तू काळजी करू नको."

"एवढं?" आई म्हणाली. "त्यानं तर दोनदाच व्हट हलवलं."

"फ्रेंच भाषा तशीच आहे. थोडक्यात लई सांगते."

"हं," आई म्हणाली, पण हा हुंकारा निराळा होता.

मी थांबले नाही. तो सिगरेट मागायचा, मी त्याला निर्व्यसनी करायची. ती शिवी द्यायची, मी तिच्या तोंडी सासरच्या माणसांचा मान घालायची. असं करत आम्ही थंडीच्या प्रसंगाशी आलो. रस्त्यावर वारं सुटलंय, कागद उडतायत, ती शटरला टेकून रडतेय आणि काहीतरी बोलतेय. मी जोरात सांगितलं, "ती म्हणते, मला घरबीर काही नको. तू आहेस तेवढं पुरे."

"मागं घे," आप्पा म्हणाले.

"काय?"

"मागं घे ते. परत लाव."

मी परत लावलं. ती परत रडली. आप्पा सरळ होऊन बसले होते.

"घर नको म्हणणारं माणूस असं रडतं व्हय? म्हाताऱ्याला येडा समजतीस? खाली काय लिवलंय ते वाच."

खाली काय लिहिलंय ते मला पाठ होतं. कान तापले. आमच्या घरात मीच तेवढी लिहिलेलं वाचून सांगणारी. लाइटच्या बिलापासून दवाखान्याच्या कागदापर्यंत मी म्हणेन ते खरं. आणि मी खोटं वाचलं होतं.

"ती म्हणते, मला दार पाहिजे. आतून कडी लावता येईल असं."

आई फिस्सकन हसली. "बघा, शिकवली पोरगी. आपल्यालाच गंडवायला!"

"आप्पा, चुकलं माझं. तुमचं मन वळावं म्हणून केलं."

आप्पा माझ्याकडं बघतच नव्हते. पडद्याकडं बोट करून म्हणाले, "हे पोरगं बघ. ती रडतीया तर बोललं का काय? गुमान उठलं आन् वाऱ्याच्या अंगाला जाऊन बसलं. तिला वारं लागू दिलं न्हाई. आता हे मला तू सांगितलंस का? न्हाई. दिसलं. तुझा बसतो का वाऱ्याच्या अंगाला?"

"गाडीवर पुढं तोच असतो," मी म्हटलं.

"ते पेट्रोलचं काम झालं."

मला दुसरं काही आठवेना. खरंच आठवेना! दोन वर्षांची ओळख, आणि एक प्रसंग सापडू नये. उगाच काहीतरी जुळवून सांगायची आता छाती नव्हती.

आई म्हणाली, "माझा बाप तळावर जेवून गेला हुता. सोयरीक ठरायच्या आधी. जेवताना एक शब्द बोलला न्हाई. कुत्र्याला भाकर कोण घालतंय तेवढं बघून गेला."

"मीच घातली हुती," आप्पा म्हणाले.

"व्हय, म्हणून तर दिली मला."

आप्पांनी पिक्चर पुढं लावायला सांगितला. उरलेला सगळा मी शब्दाला शब्द वाचला, शिव्यांसकट. संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी तुझ्या त्या पोराच्या खोलीवर जेवायला जाऊ. त्याला सांग, बाहेरनं काय आणू नको म्हणावं."

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. रविवारी चांदणी चौकात बस बदलून, टिपरांची धूळ खात आम्ही बापलेक महाळुंग्याला उतरलो. तिसरा मजला. मित्र बाहेर गेले होते. खोलीत चार गाद्यांच्या वळकट्या, दोरीवर शर्ट, एक शेगडी, आणि घामानं भिजलेला तो. आप्पांनी खोलीकडं फारशी नजर टाकली नाही. चटईवर बसले, पाणी प्याले, ताट पुढं ओढलं. पिठल्याचा पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ जास्त पडलंय, काका," तो लगेच म्हणाला. "गडबडीत दोनदा घातलं. आधी सांगणार होतो, धीर झाला नाही. भात कालवून घ्या."

आप्पांनी भात कालवला. अर्धं ताट झाल्यावर विचारलं, "घर कधी घेणार?"

मी जीव मुठीत धरला. म्हण रे, पाच वर्षांत घेतो म्हण. काहीही म्हण!

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "रोज नकाशे काढतो, त्यामुळे फ्लॅट कितीला जातात ते मला चांगलं माहीत आहे. भाड्याची खोली घेऊ, ती नक्की. पुढचं कबूल करायला माझ्याकडं काही नाही."

"हिला तर घर नकोच हाय म्हणं," आप्पा ताटात बघत म्हणाले.

"मला पाहिजे," मी म्हटलं. तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला हे कधीच बोलले नव्हते. "आज नाही म्हणून याला सोडणार नाही. पण पाहिजे. दोघांनी मिळून करायचं."

"मलाही," तो हळूच म्हणाला.

आप्पा जेवले, ताट स्वतः धुतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरले. मी मागं. रस्त्यावर येऊन त्यांनी आईला फोन लावला. ते फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, आणि आईही.

"काय झालं?" आईचा आवाज मला लांबून ऐकू आला.

"खोली लहान हाय."

"आन् पोरगं?"

"पिठल्यात मीठ लई घालतंय."

"मग आता?"

"मग काय, शिकंल की! तू तुझ्या भावाला निरोप धाड, बैठक घालायची म्हणावं."

मामाला निरोप म्हणजे लग्न ठरलं! मला हसू आवरेना, रडूही आवरेना. मी वळले आणि परत जिन्याकडं पळत सुटले.

"अगं ए, बस आली!" आप्पा मागून ओरडले.

आली तर आली. मी दुसरा मजला ओलांडला होता.