जगप्रवासी, मुक्काम मिशिगन

पासपोर्टला हात न लावता जगप्रवास करणारा माणूस या भूतलावर एकच असेल, आणि माझं नशीब असं की ऑफिसात त्याचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे. पॅरिस त्याने टेक्ससमध्ये पाहिलं, रोम जॉर्जियात, अथेन्स ओहायोत. प्रत्येक ठिकाणाहून तो फ्रिजवर लावायचं मॅग्नेट आणतो. फ्रिजचा मूळ रंग कोणता होता, हे आता त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. यामागचं कारण इथल्या निम्म्या मराठी घरांत सापडेल. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत कधीच संपली आहे. इथे राहायला, नोकरी करायला काही हरकत नाही. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी नवा शिक्का हवा, आणि तो आठवड्यात मिळेल की वर्षात, हे सांगणारा अजून जन्माला यायचाय. इकडे नोकरी, बायको, नववीतली मुलगी. तिकडे गुहागरला एकटी आई. ती दर रविवारी फोनवर "कधी येतोस?" विचारते, हा दर रविवारी "पुढच्या मे महिन्यात नक्की" म्हणतो, आणि शनिवारी मला घेऊन कुठलं तरी परराष्ट्र बघायला निघतो.

मलाच का? कारण त्याच्या घरच्यांनी या दौऱ्यांतून केव्हाच अंग काढून घेतलंय. एका जगप्रसिद्ध नावाच्या गावी पोचल्यावर मुलगी गाडीतून उतरलीच नाही. "बाबा, इट्स लिटरली अ पार्किंग लॉट," एवढंच म्हणाली आणि तिने कानात इअरफोन घातले. मी एकटा राहतो, म्हणजे मला शनिवारी काही काम नसणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलंय.

गेल्या मे महिन्यात हॉलंडची पाळी आली. मिशिगनमध्येच, त्याच नावाच्या अफाट तळ्याच्या काठाला हे डच लोकांनी वसवलेलं गाव आहे. पहाटे पाचला खाली हॉर्न. सोबत थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. वाटेत कॉफीला थांबूया म्हटलं, तर "चहा आहे ना, बॉस!" गाडी स्पीड लिमिटच्याही खाली. मोठमोठे ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते आणि हा त्यांच्याकडे कीव करून बघत होता. "जाऊ दे त्यांना. त्यांना कुठे व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जायचंय? मला दंडाचं तिकीट लागलं तर उद्या मुलाखतीत ऑफिसर विचारेल." ज्या मुलाखतीला हा जाणारच नव्हता, तिची तयारी गेली कित्येक वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून सोसतोय.

गावात ट्युलिपचे ताटवे, कालवा, लाकडी जोड्यांचं दुकान. दुकानात याने गुहागरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ. आईंनी फोनसमोर पाऊल धरलं आणि हा एकेक जोडा स्क्रीनला लावून माप घेऊ लागला. मागे रांग. मी तोंड फिरवून टोप्यांच्या किमती वाचत राहिलो.

"अरे, या वयात लाकडी जोडे घालून मी जाऊ कुठे?" फोनमधून आवाज आला.

"अंगणात घाल. पार्सल करतो."

"पार्सल नको. येशील तेव्हा आण."

याने फोन खिशात घातला. जोडे मात्र घेतले.

पवनचक्की पाहताना त्याने तिथल्या गाइडला गाठलं. पांढरी टोपी, लांब झगा, पायात लाकडी जोडे, सत्तरी उलटलेली बाई. भेटेल त्याला "युअर नेटिव्ह प्लेस?" विचारायची याला खोड आहे, आणि त्याचा मला भयंकर राग येतो. पण आजीबाई खुलल्या. आजी-आजोबा बोटीने आले, घरात डच भाषा होती, पदार्थ होते, गाणी होती. "मग तुम्ही तिकडे जात असाल ना?" याने विचारलं. त्या हसल्या. कधीच नाही, म्हणाल्या. आई दर वर्षी म्हणायची, पुढच्या वसंतात जाऊ. मग आईही गेली.

एरवी गाइडचं डोकं पिकवणारा हा माणूस "थँक यू" म्हणून बाहेर पडला. मॅग्नेटसुद्धा घ्यायला विसरला. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

दुपारी आम्ही तळ्यावर गेलो. लाल दीपगृह, वाळू, लाटा, पलीकडचा काठ दिसत नाही. हा पँट वर करून पाण्यात शिरला, ओंजळ भरून घेतली आणि चक्क चाखली. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"मीठच नाही रे," तो म्हणाला.

"तळं आहे ते! मीठ कुठून येणार?" मी ओरडलो.

परतीच्या वाटेवर त्याने गाडी हायवेला लावली. मग म्हणाला, "तिकीट काढतो."

"आता कुठलं? लेबनॉन?" ओहायोतलं लेबनॉन यादीत होतं.

"गुहागरचं."

पुढच्या महिन्यात तो जोडे बॅगेत घालून खरोखरच गेला, आणि ज्याची भीती होती तेच झालं. शिक्क्याच्या मुलाखतीची तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे. पावसाळा संपला, दिवाळी झाली, तो अजून तिकडेच आहे. नोकरी बिनपगारी रजेवर टांगलेली आणि त्याचं सगळं काम माझ्या डोक्यावर. मध्यंतरी त्याने फोटो पाठवला: आई लाकडी जोडे घालून अंगणात झाडांना पाणी घालतायत आणि खो खो हसतायत. खाली लिहिलं होतं, "इकडचं पाणी चाखलं बॉस. मीठ आहे." मला इतका राग आला की मी तो फोटो ऑफिसातल्या टेबलावर लावून ठेवला.

शनिवारी आता हॉर्न वाजत नाही. इतकी वर्षं ज्या झोपेसाठी तडफडलो, ती आता मिळू शकते. पण पाचला डोळे उघडतात ते उघडतातच.

गेल्या गुरुवारी त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, फ्रिजवर अजून एका मॅग्नेटपुरती जागा आहे. कॅन वी गो टू लेबनॉन? द ओहायो वन. आई दशम्या करतेय." आणि वर म्हणाली, "बाबांना तिथून कॉल करू."

शनिवारी पहाटे पाचला त्यांच्या दारात मी हॉर्न वाजवला.